ओ-एम११९ (पितृवंश)

ओ-एम११९ : वाय गुणसूत्रावरील एका बदलावरून ओळखला जाणारा पितृवंश. आजच्या परिभाषेत त्याला ओ१ए असेही म्हणतात. तैवानचे आदिवासी, फिलिपीन्स, इंडोनेशियाची पश्चिमेकडची बेटे, मादागास्कर आणि चीनचा आग्नेय किनारा हा त्याचा मुख्य आढळप्रदेश. ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारे दर्यावर्दी तैवानहून निघून कुठे कुठे पोहोचले, याचा जनुकीय माग काढताना याच वंशाचे नाव सर्वांत आधी येते. त्यामुळे अनेक लोकप्रिय लेखांत त्याला सरसकट ‘ऑस्ट्रोनेशियन वंश’ म्हणून टाकतात. हे अर्धेच खरे आहे. हा वंश त्या भाषांपेक्षा कितीतरी जुना आहे, आणि प्रशांत महासागरातील ज्या पॉलिनेशिया बेटांमुळे ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्दीपणाचा जगभर बोलबाला झाला, तिथे तो जवळजवळ नाहीच.

वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जाते. टोकांचा थोडा भाग सोडला तर त्याची दुसऱ्या गुणसूत्राशी देवाणघेवाण होत नाही. त्यामुळे एखाद्या पूर्वजात झालेला बदल त्याच्या मुलग्यांच्या, नातवांच्या, पणतूंच्या अंगात जसाच्या तसा उतरत राहतो. एम११९ हा असाच एक बदल : डीएनएतील एका ठरावीक जागी ॲडेनीन या घटकाऐवजी सायटोसिन. तो ज्या एका पुरुषात प्रथम झाला, त्याचेच पुरुषपरंपरेतील वंशज म्हणजे हा वंश. कुळाचे नाव जसे बापाकडून पुढे चालते तसाच हा प्रकार. फरक इतकाच की हे नाव दत्तक घेऊन मिळत नाही आणि बदलूनही जात नाही. कुळाच्या नावासारखीच त्याची मर्यादाही आहे. दहा पिढ्या मागे गेल्यास कोणाच्याही वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच जागेबद्दल बोलते, उरलेल्या १,०२३ जागांबद्दल मूग गिळून बसते.

नावांचा घोळ आधीच सांगून टाकलेला बरा, कारण जुने शोधनिबंध वाचताना त्यात हमखास फसायला होते. पूर्व आणि आग्नेय आशियातील बहुसंख्य पुरुष ओ-एम१७५ या मोठ्या वंशात मोडतात. २००२ साली नामकरणाची समान पद्धत ठरली तेव्हा एम११९ला ओ१ हे नाव मिळाले, तर त्याच मोठ्या वंशातील एम१२२ या दुसऱ्या शाखेला ओ३. २००८ मध्ये वंशवृक्षाची फेरमांडणी झाली आणि एम११९ ओ१ए झाला. पुढे जुना ओ२ हा त्याचा सख्खा भाऊ असल्याचे दिसून आले. म्हणून तो ओ१बी झाला, आणि रिकामे झालेले ओ२ हे नाव जुन्या ओ३ला देण्यात आले. म्हणजे २००५ च्या लेखातील ओ२ आणि आजच्या लेखातील ओ२ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. यावर उपाय एकच : अक्षर-अंकांची साखळी सोडून द्यावी आणि बदलाचे नाव धरून चालावे. या नोंदीतही तसेच केले आहे.

एम११९चे मूळ चीनच्या आग्नेय भागात शोधले जाते. फुजिअन, झेजियांग, जियांग्सू या किनारी प्रांतांतील हान चिनी पुरुषांत तो आजही ठळकपणे आढळतो. क्रा-दाई कुलातील (थाई, लाओ इत्यादी) भाषा बोलणाऱ्यांत, विशेषतः हैनान बेटावरील ह्लाई लोकांत, त्याचे प्रमाण मोठे आहे. प्राचीन अवशेषांतूनही याला दुजोरा मिळाला. यांगत्से नदीच्या मुखाजवळची लिआंगझू संस्कृती (सुमारे इ.स.पू. ३३००–२३००) भातशेती आणि जेड दगडातील कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या स्थळांवरील सांगाड्यांत हा वंश मोठ्या प्रमाणात असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. क्रा-दाई आणि ऑस्ट्रोनेशियन ही दोन भाषाकुले मुळात एकमेकांची नातलग असावीत, असे पॉल बेनेडिक्ट यांनी १९४२ मध्येच सुचवले होते. भाषाशास्त्रज्ञांत त्यावर अजून एकमत नाही, पण दोन्हीकडच्या पुरुषांत हा समान धागा सापडल्याने त्या मताला बळ मिळाले. शांघायच्या एखाद्या रहिवाशाच्या चाचणीत एम११९ निघाला, तर मात्र त्याचे पूर्वज ऑस्ट्रोनेशियन खलाशी होते असे मुळीच ठरत नाही. ते बहुधा किनाऱ्यावरच राहिलेले भाऊबंद असतात.

तैवानला ऑस्ट्रोनेशियन भाषांचे माहेर मानण्यामागे मुख्य पुरावा भाषेचा आहे. या कुलात सुमारे १,२०० भाषा आहेत. रॉबर्ट ब्लस्ट यांच्या वर्गीकरणानुसार कुलाच्या दहा मूळ शाखांपैकी नऊ एकट्या तैवानात आहेत. मादागास्करपासून रापा नुईपर्यंतच्या (ईस्टर बेट) बाकी सगळ्या भाषा उरलेल्या एका शाखेत, मलायो-पॉलिनेशियनमध्ये, मावतात. तैवानच्या पाइवान भाषेत पाचाला ‘लिमा’ म्हणतात, फिलिपीन्सच्या तागालोगमध्ये आणि मलायमध्येही ‘लिमा’च, मादागास्करमध्ये त्याचे ‘दिमी’ होते, तर न्यूझीलंडच्या माओरीत ‘रिमा’. तैवानच्या बहुतेक आदिवासी समाजांत निम्म्याहून अधिक पुरुष एम११९चे असतात आणि काहींत तर जवळजवळ सगळेच. त्याची एम११० ही उपशाखा तैवान, फिलिपीन्स आणि इंडोनेशिया अशी सलग सापडते. तैवानातून दक्षिणेकडे निघालेल्या होड्यांत या वंशाचे पुरुष होते, असे म्हणण्याचा खरा आधार ही उपशाखा आहे. एकट्या एम११९वरून एवढे बोलता येत नाही. याला एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा. पूर्व किनाऱ्यावरील आमीस समाजात, ज्यांच्यात वारसा परंपरेने आईकडून चालत आला, एम१२२चा वाटाही मोठा आहे. त्याचे महत्त्व पॉलिनेशियाच्या प्रकरणात कळते.

बेटांवर लहान टोळ्या उतरल्या की वंशांचे प्रमाण योगायोगानेही पार बदलून जाते. सुमात्राच्या पश्चिमेचे निआस बेट हे याचे टोकाचे उदाहरण आहे. तिथला समाज पितृकुळांत विभागलेला आहे. २०११ मधील अभ्यासात तपासलेल्या जवळजवळ सगळ्या पुरुषांचे वाय गुणसूत्र एम११९च्याच शाखांत मोडले. सुरुवातीला मोजकेच पुरुष आले आणि त्यांच्याच कुळांचा विस्तार झाला, हे त्याचे सरळ स्पष्टीकरण. बालीत चित्र वेगळे आहे. ५५१ पुरुषांच्या पाहणीत सर्वाधिक प्रमाण एम९५चे (एम११९च्या भावाच्या, ओ१बीच्या शाखेचे) निघाले, एम११९ त्यामागे राहिला आणि सुमारे १२ टक्के वंश थेट भारतीय मूळ सांगणारे होते. बेटे तीच आणि भाषाकुलही तेच, पण बापाची बाजू प्रत्येक बेटावर निराळी.

मादागास्करची गोष्ट याहून नवलाची. हे बेट आफ्रिकेच्या कुशीत आहे, पण तिथल्या मालागासी भाषेचे सर्वांत जवळचे नाते दक्षिण बोर्निओतील बारितो नदीकाठच्या मान्यान भाषेशी आहे. ओटो क्रिश्चन डाल यांनी हे १९५१ मध्ये दाखवून दिले. मालागासीत मलाय-जावानी वाटेने आलेले संस्कृत शब्दही आहेत, म्हणजे हे लोक भारतीय प्रभाव इंडोनेशियात रुजल्यानंतर निघाले. २००५ मध्ये मालागासी पुरुषांची तपासणी झाली तेव्हा आशियाई वाय गुणसूत्रांत एम११९ची उपशाखा आणि एम९५ दोन्ही सापडले, आणि त्यांची सर्वाधिक जवळीक बोर्निओशी निघाली. भाषाशास्त्राने अर्धशतक आधी जिथे बोट ठेवले होते, तिथेच जनुकशास्त्र येऊन पोहोचले. पूर्ण बेटाचा विचार केला तर पित्याकडून आफ्रिकी वारसा जास्त आणि मातेकडून आशियाई जास्त, असा कल दिसतो.

खरी पेचाची जागा पॉलिनेशिया. २००० साली काही महिन्यांच्या अंतराने दोन अभ्यास आले. पहिल्याने सांगितले की तैवानी आदिवासींचे वाय प्रकार मायक्रोनेशिया-पॉलिनेशियात सापडतच नाहीत, तेव्हा पॉलिनेशियन लोकांचे मूळ तैवानऐवजी आग्नेय आशियात शोधावे. दुसऱ्याने, मान्फ्रेड कायझर यांच्या गटाने, पॉलिनेशियन पुरुषांचा प्रमुख वंश मेलानेशियाचा, म्हणजे न्यू गिनीच्या परिसरातला असल्याचे दाखवले. कायझर यांच्याच गटाच्या २००६ च्या मोठ्या पाहणीत आकडे आणखी स्पष्ट झाले. आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत सुमारे ९४ टक्के वारसा आशियाई, पण वाय गुणसूत्रात सुमारे ६६ टक्के मेलानेशियन आणि जेमतेम २८ टक्के आशियाई. त्या २८ टक्क्यांतही मोठा वाटा एम१२२चा. एम११९ तिथे नावापुरताच उरतो. आमीस समाजाचा उल्लेख वर केला तो याचसाठी : तैवानहून प्रशांत महासागरात गेलेला पुरुषधागा दाखवायचा असेल तर तो एम१२२च्या एका उपशाखेत जास्त स्पष्ट दिसतो.

आई आशियाची आणि बाप मेलानेशियाचा, हे झाले कसे? पर हेग आणि जेफ मार्क यांनी २००३ मध्ये एक स्पष्टीकरण मांडले. प्राचीन ओशनिक (प्रशांत बेटांवरील ऑस्ट्रोनेशियन भाषिक) समाज मातृवंशीय होता, लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येई. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर घरजावई हाच तिथला रिवाज. अशा समाजात बायका आपल्या घरात, आपल्या भाषेत राहतात आणि बाहेरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या येऊन मिसळत जातात. काही शतकांत वाय गुणसूत्रे पालटतात, भाषा मात्र तशीच राहते. स्पष्टीकरण सुबक होते, आणि बराच काळ तेच पाठ्यपुस्तकी उत्तर ठरले.

२०१६ मध्ये प्राचीन डीएनएने त्यात भर घातली. प्रशांत महासागरातील व्हानुआतू बेटांवरील तेओउमा येथील सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या दफनभूमीतील आणि टोंगातील सांगाड्यांत पापुअन, म्हणजे न्यू गिनीच्या परिसरातला वारसा जवळजवळ शून्य निघाला. नक्षीदार मातीच्या भांड्यांसाठी ओळखली जाणारी लापिता संस्कृती सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क बेटांवर उदयाला आली. तिचे जे लोक पूर्वेच्या बेटांवर प्रथम उतरले, ते जवळपास निखळ पूर्व आशियाई वंशाचे होते. वाटेत न्यू गिनीजवळ थांबून संकर झाला आणि मग मंडळी पुढे निघाली, हा जुना क्रम त्यामुळे मोडला. पापुअन पुरुष मागाहून आले. व्हानुआतूत ते सुमारे २,५०० वर्षांपूर्वी पोहोचल्याचे २०१८ मधील अभ्यासांनी दाखवले. आज व्हानुआतूच्या लोकांत पापुअन वारसाच प्रबळ आहे, तरीही तिथल्या मूळच्या सर्व भाषा ऑस्ट्रोनेशियन आहेत. नवागत बहुसंख्य झाले, पण बोलू लागले आधीच्यांची भाषा. इतिहासात असे क्वचित घडते. घरजावयाच्या रिवाजाची कल्पना यामुळे बाद होत नाही. मिश्रण केव्हा झाले ते बदलते, कसे झाले याचा प्रश्न उरतोच.

भारतात एम११९ जवळपास आढळत नाही. त्याच्या भावाची, ओ१बीची, एम९५ ही शाखा मात्र मुंडा भाषा बोलणाऱ्या संथाळ, हो, जुआंग आदी समाजांत मोठ्या प्रमाणात आहे. मुंडा भाषांचे कुल ऑस्ट्रोआशियाई. नावातील साम्यामुळे ते ऑस्ट्रोनेशियनशी गल्लत करून वाचले जाते, म्हणून हा खुलासा. महाराष्ट्रात मेळघाटात बोलली जाणारी कोरकू ही त्याच कुलातली, आणि मुंडा भाषांत सर्वांत पश्चिमेची.

कोकण किनाऱ्याचा दुवा आहे तो होडीचा. लहान होडी कलंडू नये म्हणून बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेल्या लाकडाला कोकणात उलांडी म्हणतात, आणि ही रचना ऑस्ट्रोनेशियन नौकानयनाची ओळख मानली जाते. जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय होड्यांच्या बांधणीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा उलांडीचे मूळ त्यांनी पूर्वेकडच्या बेटांत शोधले. ही उलांडी कोकणात आली, पण एम११९चा वंश तिच्याबरोबर इथे रुजला नाही.