एकच प्रश्न, पाच दारं

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याचं सामान निघालं, त्यात मला पाच वॉल्व्हचा एक रेडिओ मिळाला. लाकडी पेटी, पिवळी पडलेली डायलची काच, मागचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडलेला. चालू केला, अर्ध्या मिनिटात वॉल्व्ह तापले आणि स्टेशनाच्या जागी नुसता हम्म. व्हॉल्यूम पार खाली आणला तरी तो तसाच. त्याच रात्री मी एकच प्रश्न पाच ठिकाणी टाकला: कोल्हापूरच्या रेडिओवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीत, हुबळीच्या ग्रुपवर मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, फेसबुकवर इंग्रजीत आणि परदेशातल्या हौशी लोकांच्या दोन अड्ड्यांवर. एका ठिकाणचा दुसरीकडे पत्ता लागू दिला नाही.

कोल्हापूरहून वीस मिनिटांत उत्तर आलं. "फिल्टर गेलाय, दुसरं काय न्हाई. बदला आणि झोपा." दुसऱ्या दिवशी फिल्टर कंडेन्सर बदलला, हम गेला, मीही विसरून गेलो. चार दिवसांनी सहज परदेशी अड्ड्यावर डोकावलो तर कुणा निवृत्त गृहस्थानं अख्खं सर्किट हातानं काढून, कुठे किती व्होल्ट मिळायला हवेत ते लाल शाईनं लिहून फोटो टाकला होता. हम सेकंदाला ५० सायकलचा (म्हणजे कंपनांचा) आहे की १०० चा, हेही त्यानं विचारलं होतं. त्याची एक संध्याकाळ तरी त्यात गेली असणार, आणि माझा रेडिओ तोवर तीन दिवस वाजत होता. फेसबुकवर माझा प्रश्न वाचलेला एक माणूस हुबळीच्या ग्रुपातही होता. त्यानं कन्नडमध्ये एवढंच विचारलं, "किती दारं वाजवलीस?"

ह्या खोडीला इंग्रजीत क्रॉसपोस्टिंग म्हणतात, आणि आज तो शब्द जवळपास शिवीसारखा वापरला जातो. मुळात ती शिवी नव्हती. चार लोकांचा त्रास वाचावा म्हणून मुद्दाम केलेली ती सोय होती. सोय शिवी कशी झाली, ते शोधायला संगणकाच्याही मागे जावं लागतं.

सीमाभागात एकच गोष्ट चार ठिकाणी मागायची सवय जुनीच. पोस्टकार्ड भारतात १ जुलै १८७९ रोजी आलं, पाव आण्याला. ह्या स्वस्ताईचा खरा उपयोग पुढे रेडिओच्या श्रोत्यांनी केला. बेळगावच्या आसपास रेडिओ लावला की एकाच भाषेचं, एकाच राज्याचं केंद्र लागेल असं कधी नव्हतंच. धारवाड आकाशवाणी १९५० पासूनची, सांगली १९६३ पासूनची. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि १९५२ पासून आकाशवाणीवर सिनेसंगीत जवळजवळ बंद पडलं, तसे लोक श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली ती बरीचशी ह्या सिलोनला उत्तर म्हणून. फर्माइशीचा षौक असलेला माणूस मग एकाच गाण्याची चार कार्डं लिहायचा, खाली घरातल्या सगळ्यांची नावं, आणि चार पत्त्यांवर टाकायचा. झारखंडातलं झुमरी तलैया ह्याच षौकानं देशभर ठाऊक झालं, पण तसे वल्ली गावोगाव होते.

त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. एकच गाणं दोन केंद्रांवर लागलं तर उलट मजाच. ज्यानं ते लावलं त्याला दुसऱ्या केंद्रावर काय लागलं ह्याच्याशी देणंघेणं नव्हतं, आणि त्याचे कष्टही वाया जात नव्हते, कारण गाणं हजारो लोक ऐकत होते. प्रश्नाचं तसं नसतं. प्रश्नाला उत्तर देणारा एकट्या विचारणाऱ्यासाठी बसतो.

हौशी बिनतारीवाल्यांची, म्हणजे हॅम रेडिओवाल्यांची, रीत नेमकी उलटी. त्यांचा माणूस ‘सीक्यू’ पुकारतो, म्हणजे कुणीही ऐकत असाल तर बोला. ही हाकसुद्धा सगळ्यांनाच असते, पण ती एकाच फ्रीक्वेन्सीवर जाते. एकानं उत्तर दिलं की बाकीच्यांना ते कानांनी कळतं आणि ते गप्प बसतात. हाक एकच, आणि तिला ओ आली की नाही हेही सर्वांसमोर. चार पोस्टकार्डं वेगळी आणि एक सीक्यू वेगळा, एवढा फरक धरून ठेवला की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस ह्या दोन विद्यार्थ्यांना एक कल्पना सुचली. शेजारच्या विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिननं तिचा पहिला कच्चा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून यूजनेट उभं राहिलं, म्हणजे संगणकांवरच्या विषयवार चर्चागटांचं जाळं. एक संगणक रात्री, फोनचे दर उतरल्यावर, दुसऱ्याला फोन लावायचा आणि दिवसभरातली पत्रं पुढे ढकलायचा. दुसरा तिसऱ्याला. फोनचं बिल विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या खात्यावर पडायचं, त्यामुळे एकच मजकूर चार वेळा पाठवणं म्हणजे उघड उघड पैशांचा चुराडा.

म्हणून पत्राच्या माथ्यावर एक ओळ होती: हे पत्र कोणकोणत्या गटांसाठी आहे. तिथे स्वल्पविराम देऊन चार गटांची नावं घातली की पत्र एकच राहायचं, प्रत एकच साठवली जायची, आणि चारही गटांत ती दिसायची. जत्रेच्या एकाच नोटिशीवर चार गल्ल्यांची नावं असावीत तसं. वाचणारा चारही गटांत असला तरी त्याला पत्र एकदाच दिसे. एका गटात वाचलं की बाकीच्या तीन गटांत त्यावर ‘वाचलं’ अशी खूण आपोआप पडे. उत्तरही चारही गटांत पोचायचं, म्हणजे सुटलेला प्रश्न सोडवत कुणी बसत नसे. चर्चा पसरू नये म्हणून आणखी एक ओळ होती: ह्यापुढची उत्तरं अमुक एकाच गटात द्या. पत्रांच्या ह्या रचनेचा लिखित नियम १९८३ मध्ये निघाला, १९८७ मध्ये सुधारला. हाच तो मूळचा क्रॉसपोस्ट, बिनतारीवाल्यांच्या सीक्यूचा लेखी भाऊ.

१९८६-८७ च्या सुमारास यूजनेटवरच्या गटांची नावं सरसकट बदलून त्यांची सात घराण्यांत वाटणी झाली. त्यातलं ‘रेक’ हे घराणं हौशी मंडळींचं: सायकली, मत्स्यपेट्या, बागा, छायाचित्रं, बिनतारी. जुन्या रेडिओ-ग्रामोफोनवाल्यांचाही स्वतंत्र गट पुढे तिथे झाला. घराणी पडली तसा नवा पेच आला. व्हॉल्व्ह रेडिओचा प्रश्न बिनतारीत विचारायचा, इलेक्ट्रॉनिक्समध्ये की जुन्या वस्तूंत? ज्यांना ती माथ्यावरची ओळ वापरता यायची ते एका पत्रात तिन्ही नावं घालायचे. ज्यांना यायची नाही ते तीन वेगवेगळी पत्रं टाकायचे. जुनी खोडं ह्या दुसऱ्या प्रकाराला मल्टिपोस्टिंग म्हणत आणि पहिल्यापासून कटाक्षानं वेगळं काढत. सामान्य माणसाच्या बोलण्यात मात्र दोन्हींची सरमिसळ झाली आणि चांगल्या सोयीच्या नावावर वाईट सवयीची बदनामी चिकटली.

बदनामीला धार आली १२ एप्रिल १९९४ रोजी. ॲरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल ह्या वकील जोडप्यानं अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात साडेपाच हजारांहून जास्त गटांत टाकली. लोक खवळले ते फक्त जाहिरातीमुळे नाही. त्यांनी प्रत्येक गटात प्रत वेगळी टाकली होती, त्यामुळे दहा गट वाचणाऱ्याला ती दहा वेळा दिसली. ‘वाचलं’ची खूण तिथे कामाचीच नव्हती.

मग स्पॅम कशाला म्हणायचं ह्याचं गणित आलं. सेथ ब्राइडबार्ट ह्या गृहस्थाच्या नावानं ओळखला जाणारा हा निर्देशांक मला फार आवडतो, कारण त्यात न्यायबुद्धी आहे. प्रत्येक प्रत किती गटांत गेली ते पाहायचं, त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं, आणि सगळ्या प्रतींच्या वर्गमुळांची बेरीज करायची. एकच पत्र नऊ गटांना मिळून टाकलं तर ९ चं वर्गमूळ, म्हणजे ३. तेच पत्र नऊ ठिकाणी नऊ वेळा टाकलं तर सरळ ९. पंचेचाळीस दिवसांत बेरीज २० वर गेली की पत्र बेलाशक खोडावं. अनेकांना विचारणं हा गुन्हा मानलाच नव्हता. सुट्या प्रतींना दंड जास्त होता, इतकंच.

आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ नंतर, व्हीएसएनएलच्या कृपेनं, आणि तेही आधी महानगरांत. बेळगाव-निपाणीचा माणूस सायबर कॅफेत बसेपर्यंत यूजनेट म्हातारं झालं होतं. आपण थेट याहू ग्रुप्सच्या ईमेल याद्यांत उतरलो, पुढे ऑर्कुटच्या कम्युनिट्यांत. माझ्या मते खरा बदल इथे झाला आणि त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही: माथ्यावरची ती ओळ गायब झाली. प्रत्येक गट आता स्वतंत्र वाडा, दार बंद, आत कोण कोण ते बाहेर दिसायचं नाही. दोन याद्यांना मिळून एक ईमेल पाठवता यायची खरी. पण उत्तर देणारा एकाच यादीचा सभासद असला की दुसऱ्या यादीतून त्याचं उत्तर परत यायचं. म्हणजे ज्याला आपण दुसरीकडे विचारतोय हे कळवायचं होतं त्यालाही ते कळवण्याची सोय उरली नाही. सगळे मल्टिपोस्टिंग करू लागले, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला, आणि तिथे मिळालेली उत्तरंही बरीचशी त्यांच्याबरोबर गेली. आधी शोधा मग विचारा, असं नवख्याला दरडावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शोधणार कुठे?

आमच्याकडे शोधण्यात आणखी एक भानगड. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, एकटा चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. राजकारण बाजूला ठेवू. जुना रेडिओ, जुनं नाणं, शहरातल्या पेठेतलं जुनं दुकान, काहीही शोधा. बेळगाव, बेलगाम, बेळगावी, आणि रोमन लिपीत त्यांची तीन-चार स्पेलिंगं. एकाच वस्तूची माहिती चार नावांखाली विखुरलेली. बरहा नावाचं टायपिंगचं सॉफ्टवेअर १९९८ मध्ये निघालं ते कन्नडसाठी, पण त्यात देवनागरीही आली आणि आमच्यापैकी कित्येकांनी मराठी टंकायला सुरुवात केली ती त्याच कन्नड सॉफ्टवेअरवर. एकच प्रश्न दोन भाषांत लिहायचा खटाटोप त्यानं एका बैठकीत आणून ठेवला.

आणि हे दोनदा लिहिणं नेहमीच लबाडीचं नसतं. कोल्हापूरच्या ग्रुपातले बहुतेक लोक कन्नड वाचत नाहीत, हुबळीच्या ग्रुपातले बरेच मराठी वाचत नाहीत. तिथे दोन प्रती पडल्या म्हणून कुणाला एक गोष्ट दोनदा वाचावी लागत नाही. अपवाद आमचाच. खानापूरचा, निपाणीचा, चिकोडीचा हौशी माणूस दोन्हीकडे असतो, शिवाय फेसबुकवर असतो, गोव्याच्या एखाद्या ग्रुपातही असतो. सगळ्यांचे प्रश्न चार चार वेळा त्याच्याच अंगावर येतात, आणि स्वतःवर वेळ आली की तोही तेच करतो. माझा एक मित्र म्हणतो, "आमाला सवय हाय की ओ, आमी चारीकडचे पावणे."

व्हॉट्सॲपनं जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली, एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांना एकाच ठिकाणी. कारण अफवांचं होतं, हौशी लोकांच्या प्रश्नांचं नव्हतं. ‘फॉरवर्डेड’ अशी खूणही आली. पण ती खूण संदेश फिरलाय एवढंच सांगते, कुठून आला आणि तिकडे उत्तर मिळालं का हे सांगत नाही. आणि मजकूर कॉपी करून चिकटवला की तीही पडत नाही. १९८० च्या दशकात एका ओळीत होणारं काम आजच्या फोनला जमत नाही ह्याची मला अजून गंमत वाटते.

म्हणून आता ती ओळ माणसानं स्वतः लिहायची असा दंडक काही ठिकाणी आहे. एक्सेलच्या मदतीच्या अनेक अड्ड्यांवर प्रश्न दुसरीकडेही विचारला असेल तर तिथला दुवा दिल्याशिवाय उत्तर देत नाहीत. स्टॅक एक्स्चेंज ह्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांच्या कुटुंबात एकच प्रश्न दोन घरांत टाकणं नापसंत आहे. आधी योग्य घर शोधा म्हणतात. आपल्या ग्रुपांत असा नियम लिहिलेला मी पाहिला नाही, पण कोल्हापूरकडचे दोघे-तिघे अलीकडे प्रश्नाखाली आपणहून लिहितात: ‘इचलकरंजीच्या ग्रुपवरही टाकलाय.’

मी त्या रात्री तसं लिहिलं नव्हतं. नंतर पाचही ठिकाणी परत जाऊन फिल्टर बदलल्याचं, आणि आधी कुठे उत्तर मिळालं तेही लिहिलं. परदेशातल्या गृहस्थाला माफी मागून कळवलं. त्यांनी उलट विचारलं, हम ५० चा होता की १०० चा? मी मोजलाच नव्हता. त्यांच्या लाल शाईच्या कागदाची प्रिंट काढून रेडिओच्या नव्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली आहे.