प्रपंचातले दुःख आणि भक्तीचे भाग्य : सीमाभागातील कृतज्ञतेची पार्श्वभूमी

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी गावांत सुगी आटोपली की ज्ञानेश्वरी पारायणाचे मांडव पडतात. पोथी उघडून बसलेल्यांत कर्जाने पिचलेला शेतकरी असतो, तरुणपणीच कुंकू पुसलेली बाई असते. विचारपूस केली की प्रपंचाची हकिगत सांगून होते आणि त्याच दमात, ‘पण गळ्यात माळ आली, पांडुरंगाची कृपा’ असेही ऐकू येते. ही केवळ मनाची समजूत नव्हे. या बोलण्यामागे फार जुनी परंपरा आहे.

भागवतात युद्धानंतर द्वारकेला निघालेल्या श्रीकृष्णाकडे कुंती ‘विपदः सन्तु नः शश्वत्’, म्हणजे आमच्यावर सदैव संकटे येवोत, असे मागणे मागते, कारण संकटातच त्याचे दर्शन घडत आले. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगताना पहिले नाव आर्ताचे, म्हणजे दुःखाने गांजलेल्याचे आहे; नवव्या अध्यायात, हा अनित्य आणि सुखहीन लोक वाट्याला आलाच आहे तर माझे भजन कर, असा उपदेश आहे. पारायणाला बसणाऱ्यांना हे दोन्ही अध्याय कानावरून पाठ झालेले असतात.

मराठीत या भावाला सर्वांत धारदार शब्द तुकोबांनी दिले. 1630 च्या सुमारास दख्खनेत पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यवसाय बुडाला, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, आणि तरीही ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ असे ते म्हणाले. कीर्तनात बहुधा हाच चरण रंगवला जातो. परंतु याच कवीने दुसऱ्या अभंगात ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हेही लिहून ठेवले आहे आणि जिवाला लाज वाटली, दुःखाने त्रासलो, असे उघड सांगितले आहे. हे दोन अभंग एकमेकांपासून तोडू नयेत, असे मला मनापासून वाटते. तुकोबा उपासमारीचे गुण गात नाहीत. अनुतापामुळे देवाचे चिंतन टिकले, याचे ते उपकार मानतात. म्हणूनच ‘बरे झाले’ हे ज्याचे दिवाळे निघाले त्यानेच म्हणावे. शेजाऱ्याने ते त्याला ऐकवले, तर तो निर्दयपणा ठरतो.

सीमाभागाचे वैशिष्ट्य असे की हाच सूर इथे कानडीतूनही येतो, आणि तो तुकोबांच्या आधीचा आहे. 1564 मध्ये देह ठेवलेले पुरंदरदास परंपरेनुसार गर्भश्रीमंत व्यापारी होते. सर्वस्व सोडून हरिदास, म्हणजे हरीची पदे गात फिरणारे भक्त, झाल्यावर त्यांनी ‘आदद्देल्ला ओळिते आयितु’, म्हणजे जे घडले ते सारे भल्याचेच झाले, असे गायले. हातात तंबोरी धरायची लाज वाटणाऱ्या आपल्याला ती धरायला लावणाऱ्या पत्नीला त्यांनी त्याच पदात दुवा दिला आहे. एकाचे धन दुष्काळाने नेले, दुसऱ्याने ते स्वतः टाकले. आभार मात्र दोघांनी विठ्ठलाचेच मानले, कारण पुरंदरदासांची पदाच्या शेवटी येणारी नाममुद्राही ‘पुरंदर विठ्ठल’ अशीच आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि भाषेचा प्रश्न पेटता राहिला, तरी पंढरीच्या वाटेवर दोन्ही भाषांच्या दिंड्या चालत राहिल्या.

विसाव्या शतकात जमखंडीत जन्मलेले तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे (1886–1957) यांनी प्रकृतीच्या दीर्घ तक्रारी सोसत दोन्ही भाषांतील संतांचा एकाच श्रद्धेने अभ्यास केला. बेळगावकरांच्या अधिक जिव्हाळ्याच्या मात्र कलावती आई (1908–1978). तरुण वयात वैधव्य आल्यावर त्यांना हुबळीच्या सिद्धारूढ स्वामींचा आश्रय मिळाला. पुढे बेळगावात अनगोळला त्यांचे हरिमंदिर उभे राहिले. त्यांनी भजने रचली आणि लहान मुलांसाठी बालोपासना, म्हणजे मुलांनी म्हणायची प्रार्थना, घालून दिली, जी इथली मराठी मुले आजही म्हणतात.