थर्मामीटर परत पाठवण्याआधी : 'अन्नातील ऊर्जा' संचाच्या ग्राहकांसाठी

या संचात खाद्यपदार्थ जाळून डब्यातलं पाणी तापवायचं आणि ते किती तापलं त्यावरून पदार्थातली ऊर्जा काढायची असते. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आमच्याकडे एकच तक्रार येते : "शेंगदाण्यापेक्षा बदामात कितीतरी जास्त ऊर्जा दिसतेय, थर्मामीटर बदलून द्या." आम्ही बदलून देतो. पण परत आलेला थर्मामीटर वितळत्या बर्फात धरला की बहुतेक वेळा नीट शून्य दाखवतो. चूक असते चलांच्या, म्हणजे प्रयोगात बदलू शकणाऱ्या गोष्टींच्या, तक्त्यात.

आपण मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल, इथे खाद्यपदार्थ. एवढं सगळ्यांना जमतं. घोळ होतो अवलंबी चलापाशी, म्हणजे त्या बदलाचा परिणाम म्हणून आपण जे मोजतो त्यापाशी. मुलं 'पाण्याचं तापमान' लिहून मोकळी होतात. नुसत्या तापमानाला अर्थ नाही. तापमानातली वाढ हवी, आणि तिच्यावरून काढलेली ऊर्जा जळालेल्या दर ग्रॅममागे हवी.

समजा, पाणी १०० ग्रॅम. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक कॅलरी लागते. शेंगदाण्याने ते १४ अंशांनी तापलं, म्हणजे १४०० कॅलरी. बदामाने १८ अंशांनी, म्हणजे १८००. बदाम जिंकला? आता वजनं बघा. शेंगदाणा ०.७० ग्रॅमचा होता, ०.२० उरला, जळाला ०.५०. बदाम १.२० चा, ०.५० उरला, जळाला ०.७०. भागाकार केला की शेंगदाणा २८०० आणि बदाम साधारण २५७०. निकालच फिरला! "आम्ही दोन्ही सारख्या वजनाचे घेतले होते" हेही पुरत नाही, कारण एखादा अर्ध्यातच विझतो. उरलेला कोळसा फुंकून टाकू नका, तोलून लिहा.

नियंत्रित चलांत, म्हणजे दर वेळी सारख्याच ठेवायच्या गोष्टींत, पाण्याचं वजन, सुरुवातीचं तापमान, तोच डबा आणि ज्योतीपासूनचं अंतर येतं. अंतरासाठीच आमच्या स्टँडला खाचा आहेत. पंखा बंद. डब्याच्या बुडाची काजळी दर वेळी पुसा. ती कुणी लिहीतच नाही.

शेंगदाण्याच्या पाकिटावर ग्रॅमला साधारण ५.७ किलोकॅलरी (५७०० कॅलरी) असतात, तुमच्या हाती निम्म्याच लागतील. संचात दोष नाही. उघड्या ज्योतीची बरीच उष्णता हवेत जाते. तुलना मात्र करता येते.

स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या खालचं दाखवत नसेल तर इथे कामाचा नाही. ०.०१ ग्रॅमचा काटा आमच्याकडे वेगळा मिळतो. शाळेत असेल तर तोच वापरा, उगाच खर्च नको. दाण्यांची अ‍ॅलर्जी असलेलं मूल गटात असेल तर हा प्रयोग त्याच्याजवळ करू नका. आणि भरलेला तक्ता मागू नका, तो आम्ही देत नाही. कोरे तक्ते लागतील तितके न्या.