पहिला वस्तरा घेताय? मूठ शेवटी बघा

आमच्या दुकानात वस्तरा मागायला आलेला माणूस आधी मूठ निरखतो. शिंगाची आहे का, शिसवी आहे का, खिळे पितळी आहेत का. देखणी मूठ आम्हालाही आवडते, पण दाढी पातं करतं.

बेळगावातल्या सलूनमध्ये आज बहुतेक ठिकाणी जो वस्तरा दिसतो, तो नुसता ब्लेडचा सांगाडा असतो. दुधारी ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं त्यात अडकवायचं, गिऱ्हाईक उठलं की टाकून द्यायचं. एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये म्हणून सलूनमध्ये तेच बरोबर. घरी शिकायलाही दोन-चारशेत काम भागतं आणि धार लावायची कटकट नाही. पण तो हलका, आणि नवं ब्लेड जरा चावरंच. त्यानं दोनदा कापलं म्हणून वस्तऱ्याचा नाद सोडू नका. खरा, म्हणजे कायमच्या पात्याचा वस्तरा स्वतःच्या वजनानं चालतो, हातानं दाबावा लागत नाही.

खऱ्या वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. 5/8 म्हणजे साधारण 16 मिलिमीटर, 6/8 म्हणजे 19. पहिला या दोहोंतलाच घ्या. त्याहून रुंद पातं नाकाखाली वळत नाही. टोक गोल हवं. चौकोनी टोक मिशी कोरायला झकास, पण नवख्याच्या हातात ते कानाच्या पाळीचा वेध घेतं. पात्याच्या दोन्ही बाजू घासून आत खोलगट केलेल्या असतात. पूर्ण खोलगट पातं केसांवर करकर वाजतं आणि त्या आवाजावर भुलून लोक तेच मागतात. आमचं मत अर्ध्या खोलगट पात्याला. ते ताठ राहतं आणि राठ दाढीलाही दबत नाही.

आता काउंटरवर काय करायचं ते सांगतो. पातं काचेवर अलगद आडवं ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकतील असं. मग टोकाशी बोटानं हलकंच दाबा. टक् असा आवाज आला तर पातं पिळलेलं आहे, परत ठेवा. हे आम्ही पदरचे पैसे घालवून शिकलो. एकदा एका पुरवठादाराकडून डझनभर चकचकीत वस्तरे मागवले, किंमत बघून. बारांतले नऊ टक् टक् करत होते. एक दगडावर घेऊन पाहिला, तर पाठ एका बाजूनं झिजत गेली आणि धार मधेच उतरली. वस्तऱ्यासारखी दिसणारी वस्तू, एवढंच. अशा मालानं दाढी करणं म्हणजे आपणच आपली बिनपाण्यानं करून घेणं.

जर्मनीतल्या झोलिंगनचा माल चोख, पण नवा घ्यायला गेलात तर आकडा सहज दहा हजारांच्या पुढे जातो. 1938 पासून तिथल्या कायद्यानं त्या गावाचं नाव परगावच्या मालावर घालता येत नाही. नवा घेण्याआधी आजोबांची ट्रंक उघडून बघा. जुन्या घरांत झोलिंगनचे, इंग्लंडातल्या शेफील्डचे वस्तरे अजून निघतात. पात्याच्या मानेवर छाप असतो. पाठीवरचा गंज निघतो; धारेला खड्डे किंवा चीर असेल तर मात्र तो आठवण म्हणूनच ठेवा. घेऊन या की, बघून सांगतो. बघायचे पैसे घेत नाही.

साधं कार्बन पोलाद लवकर धार घेतं आणि तितक्याच लवकर गंजतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात राहणाऱ्यांना आम्ही स्टेनलेसच देतो. त्याला दगडावर जास्त वेळ लागतो, पण तो वेळ आमचा. पातं कुठलंही असो, ओलं मिटू नका, न्हाणीघरात ठेवू नका. पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवा. खोबरेल नको, ते खवट होतं आणि चिकटतं.

कारखान्यातून आलेल्या नव्या पात्याची धारसुद्धा पुष्कळदा दाढीजोगी नसते. आमच्याकडचा वस्तरा 1000, 4000 आणि 8000 नंबरच्या (नंबर मोठा तितका दगडाचा दाणा बारीक) दगडांवरून उतरवून मगच हातात देतो. पाठ दगडाला टेकलेली राहते आणि तीच धारेचा कोन ठरवते. म्हणून तो सायकलवरच्या धारवाल्याला कधीही देऊ नका. चाकावर दोन मिनिटांत पातं तापून वाया जातं. घरी तुमचं काम फक्त पट्ट्याचं. दर दाढीआधी चामड्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या, पाठ पुढे आणि धार मागे, वळवताना पाठीवरून. पहिला पट्टा स्वस्तातला घ्या, कारण त्याला तुम्ही काप पाडणारच.

पहिले आठ दिवस गरम पाण्यानं चेहरा भिजवून, भरपूर फेस करून, फक्त कल्ल्याखालचा गाल करा. दुसऱ्या हातानं कातडी ताणलेली, पातं साधारण 30 अंशांत, केसांच्या दिशेनं. हनुवटी आणि गळा नेहमीच्या रेझरनं उरका. आणि घरात लग्न असेल त्या सकाळी पहिला प्रयोग नको.