उलटा कुकर

मे महिन्यात परळहून भाच्याचा फोन आला. "मामा, सीपीयू भयंकर तापतोय. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की वीस मिनिटांत रडतखडत चालायला लागतो. शेजारचे काका म्हणतायत, वर ओला पंचा टाक. टाकू?"

नको म्हणून मी फोनवर ओरडलोच. पण नंतर वाटलं, काकांचं फक्त ठिकाण चुकलं, तत्त्व नाही. ओल्या फडक्याने माठ ज्या कारणाने गार राहतो, त्याच कारणावर चांगला प्रोसेसर कूलर चालतो. फरक एवढाच की तिथे पाणी तांब्याच्या नळीत कायमचं बंद केलेलं असतं.

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा प्रोसेसर आतल्या मदरबोर्डवर चौकोनी धातूच्या झाकणाखाली दडलेला असतो आणि त्यातला सिलिकॉनचा तुकडा असतो जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. इंटेलचा कोअर आय-9 14900के पूर्ण जोर लावतो तेव्हा 253 वॉट घेतो आणि त्याच्या सिलिकॉनचं क्षेत्रफळ भरतं साधारण अडीच चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमागे 100 वॉट. घरातली 1000 वॉटची इस्त्री घ्या. तिचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटर धरला तर हिशोब येतो 5 वॉटचा. अडीचशे वॉट उष्णता म्हणजे काही आक्रीत नव्हे, जुन्या पिवळ्या बल्बांच्या जमान्यात दोन खोल्यांत तेवढी उष्णता सहज असायची. अडचण दाटीची आहे. संध्याकाळी दादरच्या पुलावर माणसं किती आहेत यापेक्षा जिना किती रुंद आहे याला महत्त्व असतं, तसंच.

या जिन्याची पहिली पायरी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरच्या झाकणावर कूलर बसवताना मध्ये लावायचा लेप. झाकण आणि कूलरचा तळ दोन्ही दिसायला गुळगुळीत, पण टेकवले की मध्ये बारीक फटी राहतातच आणि फटीत हवा. हवा तांब्याच्या सुमारे पंधरा हजारपट वाईट उष्णतावाहक आहे. पेस्टचं काम त्या हवेला हुसकावून लावण्याचं. ती स्वतःही तांब्यापुढे अगदीच सामान्य वाहक असते, म्हणून वाटाण्याएवढी पुरे, श्रीखंडासारखी थापायची नाही. हिऱ्याची पूड घातलेल्या महागड्या पेस्टने घरगुती मशीनला दोन-तीन अंशांचा फरक पडला तर पडला. मी स्वतः एकदा कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म न काढताच कूलर बसवला होता. दोन दिवस पंख्याला शिव्या घातल्या. उघडून बघतो तर फिल्मवर मोठ्या अक्षरांत "लावण्यापूर्वी काढा" आणि त्यावर माझी पेस्ट.

आता माझ्या आवडीची गोष्ट, हीट पाइप. कूलरच्या तळातून वरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये गेलेल्या बोटभर जाडीच्याही नसलेल्या तांब्याच्या नळ्या पाहिल्या असतील. पुष्कळांना वाटतं त्या भरीव आहेत. त्या पोकळ असतात. आतली हवा काढून टाकलेली, पाण्याचे काही थेंब घातलेले आणि दोन्ही टोकं बंद.

कुकर आठवा. दाब वाढवला की पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. हीट पाइप म्हणजे उलटा कुकर. हवाच नाही, त्यामुळे पाण्याच्या डोक्यावर फक्त त्याच्याच वाफेचा दाब. 50 अंशांना हा दाब वातावरणाच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा असतो. म्हणजे प्रोसेसर नुसता कोमट झाला तरी खालच्या टोकाला पाण्याची वाफ व्हायला लागते. तिथे दाब किंचित वाढतो, वरच्या गार टोकाला तो किंचित कमी असतो आणि वाफ त्या दिशेला धावते. पत्र्यांपाशी ती पुन्हा पाणी होते आणि खालून उचललेली उष्णता तिथे सोडते.

शाळेत घोकलेला अप्रकट उष्मा इथे कामाला येतो. त्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे 2400 ज्यूल लागतात. 100 वॉट म्हणजे सेकंदाला 100 ज्यूल. गणित करा, दर चोवीस सेकंदांना फक्त एक ग्रॅम पाणी वर जाऊन खाली आलं की काम झालं. कूलरच्या सगळ्या नळ्यांतलं मिळून! तेवढंच पाणी नुसतं 10 अंशांनी तापवून त्याच्यामार्फत उष्णता न्यायची म्हटली तर त्याला जेमतेम 42 ज्यूल उचलता येतील.

मग ते पाणी खाली परत कसं येतं? तुमचा कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, उभा असेल तर कूलर आडवा पडलेला असतो, उताराची मदत नाही. इथे समईतली वात येते. नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर भाजून चिकटवलेला असतो. वात तेल वर ओढते तसा हा थर केशाकर्षणाने पाणी तापलेल्या टोकाकडे ओढून नेतो. छिद्रं जितकी बारीक तितकी ओढ जास्त, पण बारीक छिद्रांतून पाणी वाहायला अडथळाही जास्त. कारागिरी सगळी या ओढाताणीत आहे. उष्णता मर्यादेबाहेर गेली तर वाफ होण्याचा वेग पाणी परतण्याच्या वेगाला मागे टाकतो, वात कोरडी पडते आणि नळी एकाएकी निकामी ठरते. निर्वात करताना थोडी हवा राहिली तर वाफ तिला ढकलत गार टोकाशी नेऊन कोंबते आणि नळीचा तेवढा भाग फुकट जातो.

जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना या कल्पनेचं पेटंट 1944 मध्ये मिळालं आणि ते धूळ खात पडलं. 1963 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, अंतराळातल्या वीजनिर्मितीसाठी. आज ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन हजारांत मिळते.

बाजारातल्या भाषेबद्दल एक कुरकुर. "लिक्विड कूलिंगने प्रोसेसर बर्फासारखा थंड" ही थाप आहे. कुठलाही पंख्यावर चालणारा कूलर, हवेचा असो की पाण्याचा, थंडी निर्माण करत नाही. तो उष्णता फक्त खोलीत नेऊन टाकतो. त्यामुळे प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक काहीतरी. हे "काहीतरी" ढोबळपणे वॉट गुणिले कूलरचा उष्णतारोध, म्हणजे दर वॉटमागे चढणारे अंश. भाच्याचा रायझन 5 5600 प्रोसेसर कागदावर 65 वॉटचा असला तरी प्रत्यक्षात 76 पर्यंत जातो. सोबत आलेल्या छोट्या कूलरचा रोध मी मोजून काढला, वॉटमागे 0.63 अंश. 76 गुणिले 0.63 म्हणजे 48. खोली 34 वर असेल तर 82 अंश, चालण्यासारखं. पण त्याचा कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या दार असलेल्या कप्प्यात, पाठ भिंतीला टेकवलेली. कप्प्यातली हवाच 42. बेरीज 90, आणि या प्रोसेसरची मर्यादाही तीच. तिथे तो जळत नाही, स्वतःहून वेग कमी करतो. रडतखडत चालायचं ते यामुळे.

मुंबईच्या दमटपणाचं काय, हे हमखास विचारतात. आपला जीव दमटपणाने कासावीस होतो कारण घाम वाळत नाही. प्रोसेसरला घाम येत नाही. नळीतलं पाणीही बाहेरच्या हवेला भेटतच नाही, त्यामुळे कोरड्या नागपुरातले 34 अंश आणि इथले 34 अंश त्याला सारखेच. दव धरायलाही वस्तू हवेपेक्षा गार लागते, प्रोसेसर तर गरम. दमटपणा त्रास देतो तो धुळीमार्फत, ती चिकट होऊन पत्र्यांमध्ये नमद्यासारखी बसते. भाच्याच्या जाळीवर तर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकूही होतं आणि शेजारच्या उदबत्तीचा चिकटा. यंत्राची पूजा जरूर करा, पण यंत्राला श्वास घ्यायला जागा ठेवणं हा त्या पूजेचा भाग समजा. कॅबिनेटवर लिंबू-मिरची टांगलेलीही मी पाहिली आहे. हवेच्या वाटेत होती.

निवड तशी सोपी आहे. 65 वॉटच्या प्रोसेसरला, जड काम असेल तर, चार नळ्यांचा आणि 120 मिलिमीटर पंख्याचा एक टॉवर, म्हणजे नळ्या-पत्र्यांचा उंच कूलर, भरपूर होतो. अडीचशे वॉटवाल्याला दोन टॉवरचा थोराड कूलर किंवा 360 मिलिमीटर रेडिएटरचा पाण्याचा कूलर लागतो. घेण्याआधी कॅबिनेटची आतली रुंदी मोजा, टॉवर बहुतेक 155-160 मिलिमीटर उंच असतात. साफ करताना मशीन बंद ठेवा आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा.

भाच्याने टॉवर घेतला. रविवारी दोघांनी मिळून बसवला, फिल्म आठवणीने काढली. खोली 34, एक्स्पोर्ट चालू, अर्ध्या तासाने आकडा 69 वर थांबला. कप्प्याचं सनमायका लावलेलं दार त्याने बिजागऱ्यांसकट उचकटून काढलं, मागची फळीही. टेबल ताईच्या लग्नातलं आहे. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.