ओसीएल

ओसीएल म्हणजे ऑब्जेक्ट कन्स्ट्रेन्ट लँग्वेज, यूएमएल या सॉफ्टवेअरचे आराखडे काढायच्या चित्रभाषेत जे मावत नाही ते नेमकं लिहायची भाषा. आधी मॉडेल बनवायचं आणि मग त्यातून कोड काढायचा या मॉडेल-ड्रिव्हन पद्धतीत तिचं मुख्य काम आहे. ओएमजी या सॉफ्टवेअरची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं हे स्टँडर्ड, सध्याची आवृत्ती २.४, फेब्रुवारी २०१४ ची.

पतसंस्थेचं उदाहरण घेऊ. क्लास डायग्रॅममध्ये, म्हणजे कोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय हे दाखवणाऱ्या यूएमएलच्या चित्रात, कर्ज या चौकटीतून सभासद या चौकटीकडे दोन रेषा जातात, एक कर्जदाराची, एक जामीनदाराची. आता कर्जदार स्वतःच स्वतःला जामीन राहू शकत नाही हे पतसंस्थेतल्या कारकुनापासून सगळ्यांना माहीत असतं, पण डायग्रॅमला ते सांगताच येत नाही कारण दोन्ही रेषांच्या टोकाला सभासदच बसलाय. ओसीएलमध्ये कर्ज हा कॉन्टेक्स्ट, म्हणजे अट ज्याच्याबद्दल आहे ते, धरायचा आणि सेल्फचा (म्हणजे त्याच कर्जाचा) जामीनदार हा सेल्फच्या कर्जदाराहून वेगळा असा एका ओळीचा इन्व्हेरिअन्ट, म्हणजे कायम खरी राहायला हवी अशी अट, लिहायचा. बाजूला साधी टीप लिहिली तरी माणसाला कळेल, पण टूलला ती वाचता येत नाही, आणि कोड टूलच काढणार असेल तर अट त्याला कळणं आलंच. इन्व्हेरिअन्टशिवाय प्रीकंडिशन आणि पोस्टकंडिशनही, म्हणजे एखादी क्रिया होण्याआधीच्या आणि झाल्यानंतरच्या अटीही, लिहिता येतात. एक गोष्ट पक्की, ओसीएल फक्त तपासते, मॉडेलमधलं काहीही बदलत नाही.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक मत म्हणतं ही आयबीएमच्या इन्शुरन्स विभागातली बिझनेस मॉडेलिंगची भाषा, यॉस वार्मर यांनी १९९५ च्या आसपास घडवलेली, आणि यूएमएलमध्ये ती आणली आयबीएम आणि ऑब्जेकटाइम या कंपन्यांनी जानेवारी १९९७ च्या संयुक्त प्रस्तावातून. दुसरं मत मागे जातं ते सिन्ट्रॉपीपर्यंत. स्टीव्ह कुक आणि जॉन डॅनिअल्स यांची ही पद्धत, तिच्यावरचं पुस्तक १९९४ चं, आणि तिच्यात ओएमटी या मॉडेलिंग पद्धतीसारखी चित्रं आणि झेड या गणिती भाषेतून घेतलेल्या अटी एकत्र नांदत होत्या. स्टँडर्डच्या सुरुवातीच्या मजकुरात दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्यात, भाषा वाढली आयबीएममध्ये आणि मुळं सिन्ट्रॉपीत, त्यामुळे खरं तर भांडायला फार जागा नाही. तरी वजन द्यायचंच तर सिन्ट्रॉपीला द्यावं असं वाटतं, कारण चित्र आणि अट ही जोडी तिथे आधीपासून होती. आयबीएमकडून जे आलं ते म्हणजे गणिताची चिन्हं काढून साध्या कीबोर्डवर टाइप होईल असं रूप, आणि भाषा लोकांच्या हाती गेली ती त्या रूपामुळेच. जन्मसाल कोणी १९९५ धरतं कोणी १९९७, यूएमएल १.१ ला ओएमजीने नोव्हेंबर १९९७ मध्ये मान्यता दिली तेव्हा ओसीएल तिच्यात होती एवढं नक्की. २.० आवृत्ती २००६ मध्ये आली, आणि २०१२ मध्ये आयएसओने १९५०७ या क्रमांकाखाली ओसीएलला स्वीकारलं.

सगळ्यात अवघड प्रश्न व्हॅल्यू नसण्याचा. समजा सोनेतारण कर्ज आहे आणि त्याला जामीनदारच नाही, तर जामीनदार नल, म्हणजे जागा रिकामी. आता जामीनदाराचं वय किमान १८ हवं अशी अट लिहिली तर नलचं वय विचारलं जातं आणि उत्तर येतं इनव्हॅलिड, म्हणजे उत्तरच निघू शकत नाही, अट खरी पण नाही आणि खोटी पण नाही. ओसीएलच्या १.x आवृत्त्यांमध्ये यासाठी एकच अनडिफाइन्ड होतं, २.० पासून नल आणि इनव्हॅलिड वेगळे होत गेले, त्यामुळे लॉजिक दोनाचं न राहता चार किमतींचं झालं, खरं, खोटं, नल आणि इनव्हॅलिड. खोटं आणि इनव्हॅलिड यांचा अँड केला, म्हणजे दोन्ही अटी एकत्र जोडल्या, तर उत्तर खोटं, आणि क्रम उलटा केला तरी खोटंच. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतून आलेला माणूस इथे हमखास अडखळतो, तिथे डावीकडची बाजू आधी पाहिली जाते आणि ती कोसळली तर पुढचं सगळंच कोसळतं. वरच्या अटीला म्हणून आधी जामीनदार नल नसेल तर असा इम्प्लाइज, म्हणजे डावी बाजू खरी असेल तरच उजवी लागू असं सांगणारा जोड, लावतात. नल असेल तर डावी बाजू खोटी, आणि मग अख्खी अट खरी ठरते, उजवीकडे इनव्हॅलिड असलं तरी.

ओसीएलच्या अर्थाची गणिती मांडणी मार्क रिश्टर्स यांनी जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठातल्या २००२ च्या प्रबंधात केली, स्टँडर्डचं परिशिष्ट अ त्यावरच आधारलेलं आहे. आखिम ब्रुकर आणि बुर्कहार्ट वोल्फ यांनी पुढे इझाबेल या थिअरम प्रूव्हरमध्ये, म्हणजे गणिती सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तोच अर्थ पुन्हा बांधून पाहिला. या दोघांचं काम जास्त भरवशाचं वाटतं, कारण प्रत्येक नियम प्रूव्हरमधून पार झालेला आहे. एमआयटीत मंदाना वझिरी आणि डॅनिअल जॅक्सन यांची तक्रार वेगळी होती, ओसीएल फार लांबलचक आणि प्रोग्रॅमिंगच्या अंगाने जाणारी आहे अशी. जॅक्सन यांची अलॉय ही मॉडेलच्या अटी लिहायची भाषा या तक्रारीला उत्तर म्हणून पाहता येते.

टूल्समध्ये ब्रेमेनचं यूएसई, ड्रेस्डेनचं टूलकिट आणि एक्लिप्स ओसीएल ही महत्त्वाची. क्यूव्हीटी या मॉडेल ट्रान्सफॉर्मेशनच्या, म्हणजे एका मॉडेलमधून दुसरं मॉडेल तयार करायच्या, स्टँडर्डमध्ये मॉडेलमधून वाट काढायला ओसीएलच वापरतात, आणि फ्रान्समधल्या नांतमध्ये तयार झालेली एटीएल ही त्याच कामाची भाषासुद्धा तिच्यावरच उभी आहे. क्यूव्हीटीच्या प्रस्तावकांमध्ये टीसीएस होती. पुण्यातल्या तिच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात मॉडेलमधून बिझनेस ॲप्लिकेशनचा कोड काढायचं काम बरीच वर्षं चाललं.