मांडावरच्या गाऱ्हाण्यापासून पंधरवड्याच्या सभेपर्यंत : कोकणातल्या भाषण-मंडळांची पार्श्वभूमी

कोकणी माणूस चारचौघांत बोलायला बुजतो, असे मुलाखती घेणारे म्हणतात, कॉलेजातले प्राध्यापक म्हणतात, आणि ऐकून ऐकून आता आपणही म्हणू लागलो आहोत. दर पंधरवड्याला जमून भाषणाचा सराव करणारी मंडळे आपल्याकडे तालुक्याच्या गावी उभी राहिली ती याच समजुतीच्या पायावर. सिंधुदुर्गातल्या अशाच एका मंडळात मी पहिल्या सभेपासून आहे. ही समजूत निम्मी चुकीची आहे असे माझे ठाम मत आहे, म्हणून आधी त्या निम्म्याबद्दल.

देवळासमोर किंवा मांडावर, म्हणजे गाव जमतो त्या ठरलेल्या जागी, गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा काय घडते ते आठवून पाहा. मानकरी नारळ हातात घेऊन उभा राहतो. समोर सगळा गाव. हातात कागद नाही, पुढे माइक नाही. ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक घालून तो गावाची दुखणीखुपणी, मुंबईला असलेल्या लेकरांची खुशाली, पावसापाण्याचे मागणे एका दमात मांडत जातो आणि प्रत्येक मागण्याच्या टोकाला गाव ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ देतो. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबून लोकांना जागा द्यायची, हे त्याला कोणी वर्ग घेऊन शिकवलेले नसते. दशावतारात तर लिहिलेली संहिताच नसते. रंग लावता लावता आख्यान ठरते, कोण कोणाला कुठे भेटणार एवढे बोलणे होते आणि मग रात्रभर राजा, राक्षस, नारद जागच्या जागी संवाद रचत राहतात. रत्नागिरीकडे नमन आहे, जाखडी आहे, या तिथल्या लोककला. जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहून एकमेकांना सवाल घालतात आणि उत्तर देता आले नाही तर गावभर चर्चा होते. अशा मुलखाला बोलता येत नाही म्हणणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढणे आहे.

या सगळ्या बोलण्यात मात्र एक गोष्ट समान आहे. बोलणारा स्वतःच्या नावाने बोलत नाही. मानकरी गावाच्या वतीने बोलतो, दशावतारी पात्राच्या तोंडाने, शाहीर गुरुघराण्याच्या वतीने. ‘मला असे वाटते’ हे वाक्य या परंपरेत जवळजवळ येतच नाही. आमच्या मंडळात एक रिक्षाचालक सभासद आहेत. रात्री ते दशावतारात राजाचे काम करतात; युद्धाआधीचे भाषण अर्धा अर्धा तास रंगवतात. मंडळात स्वतःची ओळख करून देणारे पहिले भाषण चार ते सहा मिनिटांचे असते. ते दीड मिनिटात खाली बसले. चहाच्या वेळी मी विचारले तर म्हणाले, “डोक्यार किरीट नाय मां, म्हणान शब्द येनत नाय.” आमच्याकडच्या बुजरेपणाचे याहून नेमके निदान मी अजून ऐकलेले नाही.

व्याख्यानाची परंपरा आपल्याकडे आली ती ग्रंथालयांच्या वाटेने. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, सावंतवाडीचे वाचन मंदिर १८५२चे, चिपळूणचे १८६४चे. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी निबंध वाचून त्यावर चर्चा करणारी सभा काढली आणि तिच्या मराठी शाखेतून ज्ञानप्रसारक सभा उभी राहिली. पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि हळूहळू गावोगावच्या वाचनालयांनी तो नमुना उचलला. कोकणाला यातून उत्तम श्रोता मिळाला. वक्ता मात्र पुण्या-मुंबईहून यायचा, बोलायचा आणि रात्रीच्या गाडीने परत जायचा. स्थानिक माणसाच्या वाट्याला प्रास्ताविक आणि आभार.

शाळेने वक्ते घडवले का? १ ऑगस्टला लोकमान्यांवर भाषण न केलेला विद्यार्थी आपल्या पिढीत विरळा. “अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो” इथून सुरू होऊन शेंगांच्या टरफलांवरून “एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो” इथपर्यंत. भाषण बाईंनी लिहिलेले, हातवारे बाईंनी बसवलेले. विसरला तर समोरचे हसणार, म्हणून विसरायचे नाही, एवढाच धडा. २०१२ मध्ये दहावी-बारावीसाठी कोकणाचे स्वतंत्र विभागीय मंडळ झाले आणि तेव्हापासून निकालाच्या टक्केवारीत आपला विभाग राज्यात पुढेच राहिला. तीच मुले मुलाखतीत तीन वाक्यांवर थांबतात, ही सल बाळगणारे पालक आणि शिक्षकच आमच्या पहिल्या सभांना सर्वांत जास्त होते.

सभेचा साचा मात्र बाहेरून आला. कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी एका तरुण-संघटनेच्या तळघरात काही माणसे जमली. तिथल्या शिक्षण-कार्याधिकाऱ्याचे म्हणणे असे होते की बोलणे हे व्याख्यान ऐकून येत नाही. आळीपाळीने बोलून, आळीपाळीने सभा चालवून आणि एकमेकांचे ऐकून अभिप्राय देऊन येते. त्यातून पुढे जगभर मंडळे निघाली. मेजवानीत वक्त्यांची ओळख करून देणाऱ्या माणसावरून त्यांनी ‘टोस्टमास्टर’ हे नाव घेतले, त्याचा अर्थ आपल्याकडे अजूनही सांगावा लागतो. स्त्रियांना सभासदत्व मिळायला तिथेही १९७३ साल उजाडले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कोकणात हा साचा चाकरमान्यांनी आणला. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत, बँकांत त्यांनी अशा सभा पाहिल्या होत्या. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि पाहुण्याशी बोलणे हा रोजगाराचा भाग झाला. आमच्या मंडळाने जागतिक संस्थेशी संलग्न व्हायचे की नाही यावरही बोलणे झाले होते. नव्या मंडळाला किमान वीस सभासद हवेत आणि वर्गणी सहा-सहा महिन्यांनी डॉलरच्या हिशेबाने. ते काही जमण्यासारखे नव्हते, म्हणून साचा घेतला आणि नाव आपले ठेवले. बोलणाऱ्याला वेळ दाखवणारे हिरवे, पिवळे, लाल दिवे परवडणारे नव्हते. पुठ्ठ्याला घोटीव कागद चिकटवून तीन कार्डे केली. वीज गेली तरी कार्ड दिसते. आयत्या वेळच्या विषयांच्या चिठ्ठ्या नारळाच्या करवंटीत.

खरा वाद झाला तो भाषेवरून, आणि त्याला इथे जास्त जागा देतो, कारण मंडळ टिकले की मोडले हे त्यावरच ठरणार होते.

पहिल्या वर्षी ठराव झाला : सभा इंग्रजीत. हॉटेलात, बँकेत काम करणाऱ्या सभासदांचा आग्रह होता आणि त्यांची गरज खरीही होती. पण झाले असे की ज्यांना आधीच बोलता येत होते तेच बोलत राहिले. बाकीचे वेळेची कार्डे दाखवत बसले आणि पावसाळ्यात लावणीचे निमित्त करून गळाले. दुसऱ्या वर्षी मराठी झाली. आता प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले, तर तिथेच गाठ पडली. सभेत एक जण भाषेचे निरीक्षण करतो. चांगले शब्द आणि चुका टिपून शेवटी वाचून दाखवतो. हे काम बहुधा एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे जायचे आणि त्यांच्या वहीत ‘माका’, ‘तुका’, ‘खय’ सगळे चुकांच्या रकान्यात पडायचे.

एका सभेत एक काजू बागायतदार बोलले. विषय त्यांचाच : मोहोरावर ढेकण्या ही कीड पडली की काय होते. आदल्या रात्री फांदी बरी दिसते, दोन दिवसांत कोवळा शेंडा करपल्यासारखा काळा पडतो, आणि फवारणीला एक दिवस उशीर म्हणजे हंगाम गेला. हात पुढे करून, चिमटीत नसलेली फांदी धरून ते दाखवत होते, आणि मागच्या बाकावरची पोरेसुद्धा त्या चिमटीकडे बघत होती. सात मिनिटांचे लाल कार्ड वर गेले तेव्हा कोणाला थांबावेसे वाटत नव्हते. शेवटी निरीक्षकांनी सात चुका वाचल्या. त्यांत एक होती ‘बोंडू’. प्रमाण शब्द सुचवला होता ‘काजूफळ’. बागायतदार उठून एवढेच म्हणाले, “बोंडवाक दुसरो शब्द माका म्हायत नाय,” आणि पुढच्या चार सभांना आले नाहीत.

त्यानंतर तीन सभा आम्ही जवळजवळ फक्त यावरच बोललो. शिक्षकांची बाजू अशी की मुंबईच्या मुलाखतीत मालवणी चालत नाही, मग मंडळात लाड करून मुलांचे नुकसान कशाला? ही भीती त्यांनी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांचे हाल बघून कमावलेली होती, ती मी हलकी लेखत नाही. पण मुद्दा वेगळा होता. ज्याला स्वतःच्या नावाने पहिल्यांदा उभे राहायचे आहे, त्याच्या अंगावर आधीच एक ओझे आहे. त्यात परकी झालेली भाषा चढवली तर तो पुन्हा किरीट शोधणार, म्हणजे कोणाचे तरी लिहिलेले भाषण पाठ करणार. शिवाय मालवणीला रंगमंच नवा नाही. मालवणी नाटकांनी मुंबईची नाट्यगृहे वर्षानुवर्षे भरवली आहेत. तिथे लोक हसायला आले, हे खरे. आपल्या बोलीत कोणी गंभीरपणे काजूच्या किडीबद्दल बोलेल आणि लोक गंभीरपणे ऐकतील, याची सवय मात्र आपल्यालाच नव्हती. वादाच्या मुळाशी मला तरी हेच दिसते.

शेवटी ठरले ते असे. बोलणारा आधी सांगेल की तो कोणत्या भाषेत बोलणार आहे : मालवणी, प्रमाण मराठी की इंग्रजी. त्याच भाषेच्या मापाने त्याचे निरीक्षण होईल. मालवणीतला शब्द मालवणी भाषणात चूक धरायचा नाही. महिन्यातली एक सभा इंग्रजीत, ज्यांना हवी त्यांच्यासाठी. भरीच्या शब्दांना मात्र सूट नाही. प्रमाण बोलणाऱ्याचे ‘म्हणजे’, ‘खरं तर’ जसे मोजायचे तसेच मालवणीतले ‘मगे’ आणि ‘ता काय ता’. हा शेवटचा मुद्दा खुद्द त्या बागायतदारांनी मांडला. ते परत आले होते आणि त्यांच्या पुढच्या भाषणात ‘मगे’ चौदा वेळा आला. पुढच्या सभेत तो पाचवर होता.

शब्दांचा आणखी एक पेच यातूनच सुटला. अभिप्राय देणाऱ्याला आम्ही आधी ‘परीक्षक’ म्हणत होतो आणि नावानेच लोक धास्तावत. चारचौघांत उणे काढणे आपल्याकडे अपमान समजतात, वर्षानुवर्षे मनात राहते. ‘परीक्षक’ जाऊन ‘ऐकणारा’ आला. तो उठून मी काय ऐकले, मला काय भावले आणि मी कुठे हरवलो एवढे तीन मिनिटांत सांगतो. गुण देत नाही. इथेही ‘मी’ आलाच.

मार्च २०२० नंतर सभा मोबाइलवर गेल्या. मुंबईतले जुने सभासद पुन्हा जोडले गेले, पण गावातल्यांची पंचाईत झाली. रेंजसाठी सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर, जाऊन उभे राहायचे आणि वाऱ्यात बोलायचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत, पुढच्या मे महिन्यात तौक्तेने आमच्याकडे, विजेचे खांब आडवे केले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तिथल्या जुन्या वाचनालयातली पुस्तके भिजली. त्या दीड वर्षात नियमितपणा तुटला आणि त्याची किंमत कळली. सहा महिने न बोललेला माणूस पहिल्या भाषणाच्या ठिकाणी परत गेलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. तेव्हापासून सभा रद्द करायची नाही, चार माणसे आली तरी घ्यायची, असा नियम आहे. अपवाद गणपती आणि शिमग्याचा.

अलीकडचा मोठा बदल सभासदांत आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. खुर्ची मिळाली, बोलायचे कुठे शिकायचे? बचत गटातल्या आणि पंचायतीतल्या बायका मंडळात येऊ लागल्या त्या याच गरजेने, आणि येताना त्यांनी विषय बदलले. करवंटीत पूर्वी ‘पावसाळ्यातला एक दिवस’, ‘माझा आवडता छंद’ अशा चिठ्ठ्या असत. त्यांचे म्हणणे पडले की ग्रामसभेत आम्हांला छंद कोणी विचारत नाही. आता चिठ्ठ्या त्याच लिहून आणतात : पाखाडीचे (पायऱ्यांच्या वाटेचे) काम अर्धे का राहिले, नळाला एक दिवसाआड पाणी का, स्मशानाची वाट कोणाच्या जमिनीतून. गेल्या सभेत पंचायतीच्या एका नव्या सदस्येच्या हाती जी चिठ्ठी आली तिच्यावर लिहिले होते, ‘वाडीचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) कधी होणार?’ तिने ती दोनदा वाचली, पदर खोचला आणि “माझा म्हणणा असा आसा” म्हणून सुरुवात केली. हिरवे कार्ड एका मिनिटाला वर गेले, लाल दोन मिनिटांना.